पेटी कोण वाजवणार? आणि आमच्या संगीत नाटक मंडळाला वारंवार विचारले जाणारे इतर प्रश्न

माघ संपत आला की फोन सुरू होतात. यंदा कोणतं नाटक, तिकीट केवढ्याचं, माझ्या मुलीला घ्याल का, मागच्या वर्षीची खुर्ची परत केली का. मी मंडळाचा खजिनदार. खजिनदाराला सगळं माहीत असतं असा आमच्याकडे समज आहे. अमळनेरच्या अलीकडे, बोरीच्या काठचं आमचं गाव. तीच ती उत्तरं देऊन घसा बसतो आणि मला कोरसमध्ये उभं राहायचं असतं, म्हणून यंदा एकदाच लिहून काढतो.

तुम्ही नेमकं काय करता?

वर्षातून एक संगीत नाटक. हौशी. कुणालाही मानधन नाही, साथीदार सोडून. ते का, हे पुढे येईल.

खान्देशात संगीत नाटक कशाला? ते पुण्या-मुंबईकडचं काम.

हा प्रश्न बाहेरचे कमी आणि गावातलेच जास्त विचारतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि संगीत नाटकाचं वेड महाराष्ट्रभर पसरलं. पण नाटक मंडळ्या एका गावात बसून जगत नव्हत्या, त्या फिरत. फिरायचं तर पैसा असेल तिथं, आणि पैसा कापसात होता. म्हणून खान्देश-वऱ्हाडचे दौरे व्हायचे. रेल्वेनं सामान यायचं, जिनिंगवाले आणि आडतदार पुढच्या रांगेत बसायचे. बालगंधर्वांचं लहानपणीचं काही शिक्षण जळगावात झालं, गाण्याचे पहिले धडे त्यांनी तिथंच मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले. त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव जळगावात दर जानेवारीत भरतो. नाट्यगीत इथं पाहुणं म्हणून आलं असेल, पण आता त्याचं रेशनकार्ड इथलंच आहे.

दुसरी गोष्ट. गाण्यातून गोष्ट सांगणं आम्हाला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. डफावर रात्र जागवणारी वहीगायनाची मंडळं अजून आहेत. नंदुरबारकडे आदिवासी भागात सोंगाड्या पार्ट्या आहेत. आणि यात्रेतला तमाशा तर आहेच. आमच्याकडच्या यात्रेत तगतराव निघतो तो ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: गाडीवर बांधलेला, सजवलेला मंच, त्यावर तमाशाचे कलावंत, आणि ती गाडी भर दिवसा वाजतगाजत सगळ्या गावातून फिरते. रात्रीच्या खेळाची याहून चांगली जाहिरात मी पाहिलेली नाही. लहानपणी मी त्या गाडीमागे अनवाणी पळालोय आणि घरी मारही खाल्लाय.

तेव्हा ‘आपल्याकडे कुठे’ असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं, की नाटकात पात्र बोलता बोलता गायला लागतं तेव्हा पुण्याचा पाहुणा ‘वा’ म्हणतो आणि आमच्या गावचा प्रेक्षक मान डोलावतो. दोघांनाही ते आपलंच वाटतं.

गाणारे मिळतात का?

गाणारे मिळतात. भजनी मंडळं आहेत, शाळेत संगीत शिकवलेले दोन-चार गुरुजी आहेत, एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेले एक नाना आहेत, ज्यांचा आवाज बसच्या घंटीपेक्षा वरचा. गाणारा हा खरा प्रश्नच नाही. पुढचा प्रश्न पाहा.

मग अडतं कुठं?

पेटीवर. माझं ठाम मत आहे की गावोगावची संगीत नाटकं गायकांवाचून बंद पडली नाहीत, साथीदारांवाचून पडली. नाटकात पेटीवाल्याला नुसती गाण्याची साथ करून चालत नाही. संवाद चालू असताना त्याला पुढच्या पदाचा, म्हणजे नाटकातल्या गाण्याचा, सूर हळूच देऊन ठेवावा लागतो. पात्रानं दोन वाक्यं खाल्ली तर ते ओळखून आधी निघावं लागतं. नायकाची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, काळी एक, नायिकेची काळी चार, आणि मधल्या दोन ओळींत एकातून दुसऱ्यात जायचं. भजनाला उत्तम वाजवणारा माणूस इथं पहिल्या तालमीला घाम पुसत उठतो.

त्यात पायपेटी, म्हणजे ऑर्गन. आमच्याकडे एक आहे, गावातल्या एका जुन्या वाड्याच्या माळ्यावरून उतरवलेली. उघडली तेव्हा आत उंदरांचं घर होतं आणि तीन पट्ट्या मुक्या होत्या. दुरुस्त करणारा माणूस शोधायला दोन वर्षं गेली. तो आला, तीन दिवस राहिला, एकेक सूर काढून पितळेची पट्टी ब्रशनं साफ करून पुन्हा बसवली. गावातली पोरं शेजारी बसून बघायची. त्यांतली एक मुलगी आज आमची दुसरी पेटीवाली आहे. ती फक्त सुट्टीत असते, बाकी वर्षभर नाशिकला शिकते.

तबल्याचं दुखणं वेगळं. आमचा प्रयोग उन्हाळ्यात असतो. दिवसा पारा 44 वर गेला की पुडी, म्हणजे तबल्यावरचं चामडं, ताणते आणि तबल्याचा सूर चढतो. पेटी काही त्याच्यामागे चढत नाही. म्हणून प्रयोगाच्या दिवशी तबले दुपारभर धाब्याच्या घरात, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतीच्या सावलीत ठेवतात आणि संध्याकाळी बाहेर काढून हातोडीनं ठोकून लावतात. हे धाब्याचं घर एका आजींचं. त्या नाटकाला येत नाहीत, बसवत नाही म्हणतात. पण तबले आले का, हे दर वर्षी विचारतात.

साथीदारांना मानधन देतो ते यासाठी. ते बाहेरगावाहून येतात, चार रात्री मोडतात, आणि त्यांच्याशिवाय आमचं नाटक म्हणजे नुसतं पाठांतर.

मला गाता येत नाही, अभिनयही येत नाही. मी काय करू?

या. अशीच माणसं कमी पडतात. कपड्यांना इस्त्री, मिशा चिकटवणं, पडदा ओढणं, पाणी, सायकली लावणं, गेटवर उभं राहून चुलतभावालासुद्धा तिकीट विचारणं. शेवटचं काम सगळ्यांत अवघड आहे. त्यासाठी आम्ही मुद्दाम बाहेरगावचा जावई नेमतो.

मदत करायची आहे. किती देणगी द्यावी?

रक्कम मी सांगत नाही. पण मदत कशी असते ते सांगतो, म्हणजे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आमचा रंगमंच म्हणजे दोन ट्रॅक्टर ट्रॉल्या, पाठीला पाठ लावून. त्यावर फळ्या, फळ्यांवर सतरंजी. ट्रॉल्या दोन भावांच्या आहेत, ज्यांचं बांधावरून आपसात बोलणं बंद आहे. चार दिवस त्यांच्या ट्रॉल्या एकमेकींना टेकून उभ्या असतात. बोलणं अजून सुरू झालेलं नाही, पण एकाची ट्रॉली आली की दुसरा विचारायच्या आत आणून लावतो.

सतरंज्या विठ्ठल मंदिराच्या. वीज शाळेची, बिल आमचं. दागिने खोटे असले तरी शालू खरे असतात, कुणाकुणाच्या लग्नातले. ते परत करताना ड्रायक्लीन करून देतो आणि तरीही एखाद्या काकू पदर उलटा करून डाग शोधतात, तो त्यांचा हक्क आहे. तालमीच्या शेवटच्या आठवड्यात रोज एका घरून जेवण येतं. कळण्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा. कोणत्या घरची भाजी तिखट यावर दुसऱ्या दिवशीच्या आवाजाचा अंदाज बांधता येतो, म्हणून मुख्य गायकांच्या ताटात आम्ही भाजी बघून वाढतो.

रोख वर्गणीही लागते, नाही कशाला म्हणू. साथीदार, माईक, रंगभूषा, छपाई हे उधारीवर होत नाही. पण माझ्या वहीतली सगळ्यांत मोलाची नोंद रोखीची नाही. एक सालदार दादा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे, दर वर्षी चार तिकिटं घेतात, पूर्ण पैसे मोजून, आणि घरची चारही माणसं येऊन बसतात. याउलट एका दुकानातून दर वर्षी पाकीट येतं, जाड असतं, पण तिथलं कुणी आजवर फिरकलेलं नाही. पाकिटाचे आभार आहेतच. पण पदाला दाद पाकीट देत नाही, आणि समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या असल्या की गाणाऱ्याचा सूर पहिल्या अंकातच खाली बसतो. म्हणून देणगी द्यायची असेल तर द्याच, पण सोबत तिकीटही काढा आणि या.

देणगीदाराचं नाव पडद्यावर लिहाल का?

नाही. एकदा लिहिलं होतं. कण्व ऋषींच्या आश्रमामागे ठिबक सिंचनाच्या नळ्यांची जाहिरात लटकत होती. शकुंतला झाडांना पाणी घालायला लागली आणि जे हशे पिकले ते अंक संपेपर्यंत थांबले नाहीत. आता सगळी नावं प्रवेशद्वारापाशी फळ्यावर, खडूनं, अकारविल्हे. रक्कम लिहीत नाही.

पुढाऱ्यांचा सत्कार असतो का?

मध्यंतरात नारळ, पाच मिनिटं. भाषण नाही. हे आधी सांगतो, तरी दर वर्षी एखादा माईक धरतोच. तेव्हा पेटीवाल्यानं नांदीचा, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीच्या प्रार्थनेचा, सूर धरायचा असं ठरलेलं आहे.

देणगीवर प्राप्तिकरात सूट मिळते का?

नाही. तशी नोंदणी आमच्याकडे नाही. पावती मिळते, हिशेब गणपतीच्या आधी मंदिरात वाचून दाखवला जातो.

प्रयोग आखाजीलाच का? इतक्या उन्हात?

कारण तेव्हा गाव भरलेलं असतं. इतरांकडे अक्षय तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा मुहूर्त, आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरच्या सगळ्या माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, घराघरात आंब्याचा रस आणि सांजोऱ्या. सालदारांचं सालही आखाजीला संपतं, हिशेब होतो, हातात पैसा आणि मोकळा दिवस दोन्ही एकदम असण्याची वर्षातली ती एकच वेळ. दिवाळीत करून पाहिलं होतं. तेव्हा कापूस वेचणी ऐन भरात, माणसं दिवसभर वाकून आलेली, दुसऱ्या अंकाला निम्मं गाव सतरंजीवर झोपलेलं.

आखाजीला स्पर्धा आहे ती पत्त्यांची. परंपरेनं त्या दिवसांत डाव बसतात आणि डावात बसलेला माणूस अप्सरा उतरली तरी उठत नाही. म्हणून आखाजीच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी प्रयोग. तोवर हरलेले मोकळे झालेले असतात. शिवाय पुढे एकादशीला अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ, मग सगळं गाव तिकडे. मधल्या त्या आठवड्यातच आमचं जमतं.

नाटक किती वाजता संपतं? पूर्वीसारखं पहाटेपर्यंत चालतं का?

दहाला संपतं. आवडीनं नव्हे, नियमानं. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम सांगतात की रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-समारंभांसाठी सरकार रात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकतं, पण वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, आणि ते दिवस मोठ्या उत्सवांच्या वाट्याला जातात. म्हणून आम्ही साडेसहाला नांदी धरतो, ऊन नदीपलीकडे उतरत असतानाच.

पाच अंकी नाटक साडेतीन तासांत बसवायचं म्हणजे कापाकापी आली. पदं कापायची की संवाद, यावर दर वर्षी भांडण होतं. माझा कौल संवादांवर कात्री चालवायला असतो. नायकाचं काम करणारे गुरुजी यावर माझ्याशी दोन दिवस बोलत नाहीत, मग तिसऱ्या दिवशी चहा पाठवतात.

कोणतंही नाटक करता येतं का? हक्कांचं काय?

लेखक गेल्यानंतर 60 वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतात. नाटककार देवल 1916 मध्ये गेले, खाडिलकर 1948 मध्ये, त्यांच्या ‘मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे 1955 मध्ये. त्यामुळे ही मंडळी आता सगळ्यांची आहेत. नाटककार वसंत कानेटकर 2000 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या नाटकाला 2060 सरेपर्यंत परवानगी लागणार. ‘जुनंच तर आहे’ हे कारण चालत नाही, नाटक 1964 चं असलं तरी.

कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळांना एक सवलत आहे: प्रेक्षकांकडून पैसे न घेता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग हक्कभंग धरला जात नाही. पण आम्ही 50 रुपये तिकीट लावतो आणि पैसे मंडळालाच घेतो, तेव्हा ती सवलत आम्हाला नाही. फुकट करा असं सुचवणारे भेटतात. फुकट नाटकाला लोक येतात, पण उठूनही जातात. पन्नास रुपये दिलेला माणूस भरतवाक्यापर्यंत, म्हणजे शेवटच्या पदापर्यंत, बसतो.

नवी संहिता असेल तर ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडून, प्रमाणित करून घ्यावी लागते. हे काम दोन महिने आधी काढा. आम्ही एकदा शेवटच्या पंधरवड्यात काढलं होतं आणि त्या वर्षी गावानं नुसता पदांचा कार्यक्रम ऐकला.

स्त्रियांची कामं पुरुष करतात का?

आता नाही. मुली आणि सुना करतात. अडचण कलेची नव्हती, तालमीच्या वेळेची होती. रात्री नऊनंतर तालीम ठेवली की ‘सून एवढ्या रात्री कुठं’ हे सुरू. आम्ही तालीम संध्याकाळी पाच वाजता, आणि तीही शाळेऐवजी एका घराच्या ओट्यावर ठेवली. एक सासूबाई सुनेवर नजर ठेवायला रोज येऊन बसायच्या. पंधरा दिवसांत सगळं नाटक त्यांना पाठ. सून एका जागी अडली तर यांनी भिंतीकडे तोंड करून पुढचं वाक्य सांगितलं. तेव्हापासून विंगेत प्रॉम्प्टिंग त्याच करतात, पुस्तकाशिवाय. त्यांना वाचता येत नाही.

अहिराणीत का करत नाही?

पदं आहेत तशीच ठेवतो, कारण ती ज्या अक्षरांवर बांधली त्याच अक्षरांवर सूर बसतो. पण विनोदी पात्र, दासी, रखवालदार यांचे संवाद आम्ही अहिराणीत करून घेतले आहेत आणि टाळ्या तिथंच सगळ्यांत जास्त पडतात, हे नायकाला सांगू नका. संपूर्ण अहिराणी संगीत नाटक लिहून हवं आहे. कुणी लिहिलं असेल तर आणा, चहा-भज्यांसकट वाचन ठेवू. अट एकच, पदं गाता आली पाहिजेत. नुसतं यमक आम्हाला नको.

राज्य नाट्य स्पर्धेत का उतरत नाही?

सांस्कृतिक कार्य संचालनालयाची संगीत नाटकांसाठी वेगळी स्पर्धा असते, चांगली असते. आमच्या ट्रॉल्या तिथवर जात नाहीत, एवढंच कारण. तरुण पोरांची इच्छा आहे. पुढेमागे जातील, मी अडवणार नाही.

लहान मुलं आणली तर चालतील का?

चालतील. पुढे सतरंजीवर बसवा. रडलं तर उचलून नदीकडे चक्कर मारा. शिट्टी असलेलं खेळणं मात्र गेटवर काढून घेऊ.

मागच्या वर्षी प्रयोग मध्येच थांबला. आमचे पैसे परत मिळणार का?

प्रयोग थांबला होता, रद्द झाला नव्हता, तेव्हा नाही. काय झालं ते ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी. दुसऱ्या अंकात नायिकेचं पद रंगात आलं असताना पायपेटीचा भाता शिवणीत उसवला. आधी बारीक फुसकारा, मग पायानं कितीही मारा, सूर येईना. नायिका दोन ओळी नुसत्या तबल्यावर गायली आणि पडदा टाकावा लागला. हातपेटी आणायला एक पोरगा मोटरसायकलवर शेजारच्या गावी धाडला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून स्टँडजवळचे पंक्चरवाले भाऊ उठून आले. त्यांनी भात्याची घडी बोटांनी चाचपली, म्हणाले, ‘‘हवा जास ना? मंग ते मन्हंच काम शे.’’ सायकलवरून डबा आणला, जुन्या ट्यूबची पट्टी कापली, कानस मारली, सोल्युशन लावून फुंकर घालत बसले. प्रेक्षक पडद्याखालून वाकून बघत होते. पंचवीस मिनिटांनी पेटी बोलली. आवाजाला थोडा रबराचा वास होता, असं तबलजी अजून म्हणतात.

भाऊंना आता तिकीट लागत नाही, तरी ते काढतात.

वन्समोअर द्यायचा का?

द्या, पण साडेनऊच्या आत. नंतर दिलात तर गायक गाईल, कारण तो काही ऐकणार नाही, आणि दहाला माईक मी स्वतः बंद करणार. गेल्या वर्षी नाना तरीही गातच राहिले, माईकशिवाय, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. तेव्हा पुढच्या खुर्च्यांसाठी भांडू नका. मागेही ऐकू येतं.

तिकिटं कुठं मिळतील?

चैत्र लागला की पिठाच्या गिरणीवर आणि भाऊंच्या पंक्चरच्या दुकानात. सुटे पैसे आणा.